शेंदराखालचं नाव

बूड

कचऱ्यात फेकलेली बाटली डोक्यावर पडते. निदान हेमा खांबेटेचा अनुभव तसा होता. खुरप्याने माती उकरली की आधी दिसतं ते बूड: जाड, हिरवट, मधे खळगा पडलेलं. मग पोट. मग खांदा. मग मान. तोंड सगळ्यात शेवटी, आणि ते बहुधा फुटलेलं. अख्खी बाटली हाती लागणं म्हणजे पेठेत पहिल्याच रिक्षावाल्याने 'चला' म्हणण्यासारखं. होतं कधीतरी, पण त्यावर दिवसाची आखणी करता येत नाही.

ती खणत होती कळसला, सर्जेरावांच्या जमिनीत. गाव कॉर्पोरेशनमध्ये येऊन थोडीच वर्षं झाली होती. ज्वारी संपली होती आणि इमारती अजून उगवायच्या होत्या. जमिनीच्या कडेने नदीकडे उतरणारा एक ओढा होता, म्हणजे पूर्वी होता. इंग्रजांच्या काळात खडकीच्या छावणीचा कचरा बैलगाड्यांतून येऊन त्या ओढ्यात पडायचा. पडून पडून ओढा बुजला. गोऱ्या सोल्जरांनी जे काही प्यायलं, अंगाला चोळलं आणि डोक्याला थापलं, त्याची काच तिथे थराथरांनी पडून होती. बिअरच्या काळपट बाटल्या, सोड्याच्या गोटीवाल्या, एरंडेलाच्या निळ्या, शाईच्या दौती, लोणच्याच्या चौकोनी बरण्या.

आता सर्जेरावांनी जमीन डेव्हलपमेंटला दिली होती. बिल्डर भावकीतलाच, जयसिंग. तिशीतला, दोन मोबाइल बाळगणारा, साइटवरही पांढरे बूट घालून येणारा. त्याने हेमाला सांगितलं होतं, "मॅडम, पाया भरेपर्यंत खणा. माझं काय जातंय? तेवढीच माती मोकळी होते." गाव तिला बाटलीवाल्या बाई म्हणायचं. तिने ते ऐकून सोडून दिलं होतं. बँकेत तीस वर्षं काउंटरवर बसलेल्या बाईला लोक काय काय म्हणतात, त्यापुढे हे काहीच नव्हतं.

हेमा त्रेपन्न वर्षांची. दोन वर्षांपूर्वी व्हीआरएस घेतलेली, लग्न न केलेली, सदाशिव पेठेतल्या छोट्याशा फ्लॅटमध्ये खिडक्यांत, कपाटावर, पलंगाखाली बाटल्या ठेवून उरलेल्या जागेत राहणारी. वरच्या मजल्यावर थोरला भाऊ दिगंबर आणि वहिनी. दिगंबर गणिताचा निवृत्त शिक्षक. रद्दीवाल्याची हाळी आली की तो जिन्यातून वाकून म्हणे, "हेमा, तुझ्या व्यवसायातले गृहस्थ आलेत."

हेमाला सगळ्या बाटल्या नको होत्या. तिला एक हवी होती.

आजोबा, माधवराव खांबेटे, गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. जाईपर्यंत ते एकच सांगत राहिले. तरुणपणी त्यांनी ओव्याचा अर्क काढून विकायचा धंदा केला होता. खडकीच्या गोऱ्या पलटणीत त्याला मागणी होती, कारण इथलं पाणी गोऱ्यांच्या पोटाला मानवत नसे. आणि त्या अर्काच्या बाटल्या खास ओतवून घेतल्या होत्या, काचेतच नाव उठवलेल्या. या सगळ्याचा घरात पुरावा म्हणून एक बूचसुद्धा नव्हतं. त्यामुळे खांबेट्यांच्या घरात ही हकीकत टिकली ती विनोद म्हणून. कोणाचं पोट बिघडलं की हेमाचे वडील म्हणत, "द्या त्याला पलटणीचं औषध." एखाद्या पंगतीत मठ्ठ्यात ओवा दाताखाली आला की कोणीतरी खाडकन सॅल्यूट ठोके. आजोबा तिथेच बसलेले असत. हसत नसत. शेजारी बसलेल्या नातीला तेवढं हळूच सांगत, "नाव होतं गं काचेत. बोटाला लागायचं."

वडील गेल्यावर दिगंबरने तो विनोद रीतसर आपल्याकडे घेतला. वारसाहक्काने घरात दुसरं काही आलंही नव्हतं.

पोट

…आणि नेमकी त्याच दिवशी हेमा तिथे नव्हती.

कारण दिगंबरची साठीशांत. दिगंबरचा देवावर विश्वास नव्हता, श्रीखंडावर होता. वहिनींचा आग्रह, असं त्याने कारण सांगितलं. जेसीबी ओढ्यापर्यंत पोचलेला, पुढच्या आठवड्यात काँक्रीट. हेमाने आदल्या संध्याकाळी वर जाऊन सुटका मागून पाहिली.

"दादा, मला उद्या एक दिवस तिकडे राहू दे. यंत्र नेमकं जुन्या थरात शिरतंय."

"साठ वर्षांचा भाऊ की साठ वर्षांच्या बाटल्या?"

"नव्वद वर्षांच्या."

"मग माझ्याहून थोरल्या आहेत. समजून घेतील."

तर हेमा त्या दिवशी जरीच्या साडीत बसली, गुरुजींनी दिगंबरच्या डोक्यावर चाळणीतून पाण्याची धार धरली, पाणी चष्म्यावरून ओघळलं, लोकांनी फोटो काढले. जेवायला तीन पंगती. हेमाने वाढलं, हसली, घरी येऊन साडीची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीला किक मारून कळस गाठलं.

जेसीबी हात खाली टाकून उभा होता. आजूबाजूला अर्धं गाव. खड्ड्याच्या काठावर तीन विटा मांडून त्यांवर वीतभर उंचीचं काहीतरी भगवं, ओलं, चकचकीत. झेंडूची माळ. फोडलेला नारळ.

सर्जेराव पुढे आले. पन्नाशीचे, सरळ माणूस, पण आज त्यांचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा झाला होता.

"मॅडम, तुमी काल नव्हता. लई मोठी गोष्ट झाली. हितं दात घातला आन मशिनचा पाइप फाटला. दुसरा पाइप आनला, पुन्हा त्याच जागी घातला, पुन्हा फाटला. मंग डायवर खाली उतरून बघतोय तर ह्ये. उभं. आजूबाजूचं समदं आडवं, फुटकं, आन ह्ये एकटंच उभं. बूचसुद्धा जागच्या जागी. आत पानी हाय अजून."

"काय आहे ते?" हेमाने विचारलं, पण तिला आधीच कळलं होतं. खांद्यांवरून कळलं.

"म्हसोबा," मागून आवाज आला.

ह्या आनंदीबाई, सर्जेरावांच्या आई. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, ताठ, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. त्यांच्या सासूने त्यांना लग्नाच्या वर्षीच सांगून ठेवलं होतं की आपला म्हसोबा ओढ्याकाठी होता, गोऱ्यांनी त्याला कचऱ्याखाली गाडला. तेव्हापासून घरातला पहिला नैवेद्य त्या उकिरड्याच्या दिशेने दाखवला जाई. पोरं हसायची. नवऱ्यानेही एकदा विचारलं होतं, दगड कुणी पाह्यलाय का. आनंदीबाईंनी दाखवणं सोडलं नव्हतं. आता त्याच जागी यंत्र दोनदा अडलं होतं, आणि हसणारे सगळे रांगेत उभे होते.

"मावशी, ही बाटली आहे," हेमा म्हणाली.

"बाटलीच्या रूपात हाय," आनंदीबाईंनी दुरुस्ती केली. "दगडाच्या रूपात येऊन तुमी कुनी वळखला असता व्हय? यंत्रानं कवाच खडी केली असती."

हेमा आणखी वैतागली.

जयसिंगने तिला बाजूला घेतलं. त्याचे बूट पहिल्यांदाच मळलेले दिसत होते.

"मॅडम, तुमच्या कामाची आहे. शेंदूर लागायच्या आधी मी हातात घेतली होती. बाकी सगळ्या बाटल्यांवर इंग्लिश असतं ना? हिच्यावर मराठी आहे. खाली 'पुणे' क्लिअर दिसत होतं. वर कोणाचं तरी नाव. मातीने भरलं होतं, वाचता नाही आलं."

हेमा मातीच्या ढिगावर बसली. आधी बँकेच्या सुट्ट्यांत आणि मग रोज, अशा आठ वर्षांच्या खणण्यात तिला मराठी अक्षर उठवलेली एकही बाटली मिळालेली नव्हती. तुकडाही नाही.

"काल किती वाजता?" तिने विचारलं.

"बाराच्या सुमारास."

बाराच्या सुमारास ती दुसऱ्या पंगतीत श्रीखंड वाढत होती. आग्रह करून.

खांदा

(इथे काच फुटलेली आहे. जे तुकडे मिळाले ते असे.)

आनंदीबाईंशी:

"मावशी, मी नुसतं पोटापाशी थोडं पुसून बघते. एवढंच."

"देवाला कुनी फडक्यानं पुसतं व्हय?"

"मग पाण्याने?"

"तुज्या घरच्या देवाला घाल पानी."

जयसिंगशी:

"मॅडम, वॉचमन माझाच आहे. मी दुपारी जेवायला जातो, तुम्ही उचला. कोणाला कळणार नाही."

"मी चोर दिसते का तुम्हाला?"

"तसं नाही. पण माझं पार्किंग तिथेच येतंय."

दिगंबरशी, जिन्यात:

"मराठीत नाव आहे, दादा."

"कोण म्हणतं?"

"बिल्डर."

"बिल्डरचा शब्द. वा. ताबा कधी मिळणार?"

पुन्हा आनंदीबाईंशी:

"मावशी, माझ्या आजोबांचं नाव असेल तिच्यावर."

"आसंल. देवावर कुनाचंबी नाव आसंल. त्यानं काय कमी व्हतो त्यो?"

मान

पुढे काय झालं ते अरुंद मानेतून चिंच बाहेर काढावी तसं, एकेक करून, आणि दर वेळी वाटावं की आता निघेलच.

दर शनिवारी नवा शेंदूर. अमावास्येला जास्तीचा. तेलात कालवलेला, बोटांनी थापलेला. दुसऱ्या शनिवारी खांदे गेले. तिसऱ्या शनिवारी मान गेली. मग कोणीतरी नवसाला चांदीचे डोळे आणून बसवले आणि आता ते बाटलीसारखं दिसतही नव्हतं. एक बुटका, पोटाळ, रागीट गृहस्थ दिसत होता. हेमाला तो ओळखीचा वाटायला लागला आणि तिला स्वतःचाच राग आला.

ती रोज जात होती. खड्ड्यात उतरायला बंदी नव्हती, पण काम थांबलं होतं. यंत्र त्या कोपऱ्याकडे वळवायला एकही ड्रायव्हर तयार नव्हता. जयसिंग आर्किटेक्टला फोनवर पार्किंगबद्दल ओरडत फिरे आणि फोन ठेवला की देवाला नमस्कार करे, सवय म्हणून. हेमा देवापाशी जाऊन वाकायची, आणि वाकताना तर्जनी पोटावर दाबून धरायची. शेंदूर ताजा असला तर बोट आत जाई आणि खाली काचेचा उंचवटा लागे. एक उभा काना. त्याच्या डोक्यावर आडवी रेघ. 'ख' असेल. 'स्व' असेल. काहीही असेल. बोट काढलं की खळगा राही.

"पाया पड की नीट," आनंदीबाई एकदा म्हणाल्या. "सारखं पोटाला काय चाचपतीस? डॉक्टर हाईस का?"

आणि त्या खळगा बुजवून टाकत. वर ताजा शेंदूर.

हेमाने साठीशांत करणाऱ्या गुरुजींना फोन केला. देवावरचा शेंदूर काढतात का? काढतात, गुरुजी म्हणाले, त्याला खोळ उतरवणं म्हणतात, फार जड झाली की विधिपूर्वक उतरवून नदीत सोडतात. किती जड झाली की? साधारण बारा वर्षांनी बघायचं. हेमाने 'आभारी आहे' म्हणून फोन ठेवला आणि एक रिकामी शाईची दौत उचलून पुन्हा होती तिथे ठेवली, कारण फोडायला मन झालं नाही.

दिगंबर रोज चौकशी करत होता. त्याला मजा येत होती, आणि ते तो लपवत नव्हता.

"काय म्हणतंय आपलं कुलदैवत?"

"दादा, तू एकदा येऊन बघ."

"मी कशाला? तू सांगतेस तेच बघणार मी. शेंदराचा गोळा, आत बाटली, बाटलीवर नाव, नाव आपल्या आजोबांचं. सिद्ध करायचं ते आधीच गृहीत धरलंयस. शाळेत याला शून्य मार्क देत होतो मी."

"आणि नाव निघालं तर?"

"तर गोऱ्यांच्या वतीने मी क्षमा मागेन."

तिला ते लागलं. एरवी असलं बोलणं ती जिन्यातच झटकून टाकायची. पण त्या दिवशी दार लावून घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की, तिला बाटली हवी आहे ती कपाटात ठेवायला नाही. ती दिगंबरच्या जेवणाच्या टेबलावर, त्याच्या ताटाशेजारी ठेवायची आहे, आणि मग एक अक्षर बोलायचं नाही.

एप्रिल आला. देवाला ऊन लागतं म्हणून जयसिंगने वर पत्र्याची शेड घालून दिली. साइटवरचे जुने पत्रे, चार बांबू. पुण्याचं एप्रिलमधलं ऊन पत्र्यावर पडलं की खाली काय होतं, हे बिल्डरला कळायला हवं होतं. देवाला सावली मिळाली आणि त्याची भट्टी झाली. तेल सुटलं. शेंदूर ढिला पडला. एका दुपारी सर्जेरावांचा फोन आला तेव्हा हेमा भाकरी थापत होती.

"मॅडम, जरा येता का. देवाचा एक डोळा पोटावर आलाय."

तोंड

आनंदीबाई देवासमोर मांडी घालून बसल्या होत्या. कोणावर चिडल्या नव्हत्या. गावातल्या दोघातिघांनी देव कोपला असं सुचवून पाहिलं होतं, त्यांना त्यांनी घरी पाठवलं होतं.

"कोपायला काय झालं? घाम फुटलाय त्याला," त्या म्हणाल्या. "पत्रा कुनी घातला? जयशानं. आता खोळ उतरवायला पायजेल. ये, बस हितं."

"मी?"

"मग कोन? ह्या रेड्यांच्या हातात काच देऊ? तुजा हात हलका हाय, मी बघितलंय. मातीतनं काढतीस ते बाळंतिनीच्या सुइनीवानी." आणि मग, तेलाची वाटी पुढे सरकवत, तितक्याच साध्या आवाजात, "मला ठावं हाय तुला ती पायजेल. पयल्या दिसापासून ठावं हाय. तू मागितलीस न्हाई, चोरलीस बी न्हाई. नुसती टोचत बसलीस. बस आता."

हेमा बसली. हात धुतले. आधी डोळे काढून ताटलीत ठेवले. मग कोमट तिळाचं तेल लावून वरचा थर बोटाने सोडवायला लागली. निघालेला शेंदूर आनंदीबाई परातीत जमा करत होत्या, नदीत सोडण्यासाठी. सर्जेराव बाजूला उभे. जयसिंग दोन्ही फोन बंद करून उभा. पत्रा तापून तडतडत होता.

बूच दिसलं. मान दिसली. काच हिरवट, आत बुडबुडे अडकलेले, एका बाजूला जरा कललेली, तोंडाने फुंकलेल्या काचेला असतो तसा कल. पोटावरचा शेंदूर सगळ्यात घट्ट बसला होता. अक्षरांच्या खाचांतून तो सुटेना. हेमाने बांबूची बारीक काडी घेतली, तिला कापूस गुंडाळला. खालून सुरुवात केली.

पुणे.

मधली ओळ. ओव्याचा अर्क.

तिथे ती थांबली. काडीवरचा कापूस बदलला. खरं तर बदलायची गरज नव्हती.

वरची ओळ. मा. ग. खांबेटे.

तिला रडू येईल असं तिला वाटलं होतं. रडू आलं नाही. आला तो राग, आणि तोही भलत्याच माणसावर. एक बाटली. एवढ्या ओतवून घेतल्या, तर एक घरी ठेवायला काय झालं होतं? एक फडताळात, एक देवघरात, एक कुठेतरी माळ्यावर. पोरं तोंडावर हसत होती, सुना पदराआड हसत होत्या, आणि हे मात्र नऊ वर्षांच्या मुलीला सांगत बसले की बोटाला लागायचं. लागतंय, आजोबा. आता लागतंय. आता कोणाला दाखवू?

"काय लिवलंय?" आनंदीबाईंनी विचारलं.

तिने वाचून दाखवलं. मग सांगितलंही, सगळं, पलटणीच्या पोटापासून पंगतीतल्या सॅल्यूटपर्यंत.

सर्जेराव कसनुसे झाले. "म्हंजे आई, बाटलीच की ही. ओव्याच्या पान्याची."

जयसिंगने एक फोन चालू केला.

"बंद कर त्यो," आनंदीबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. त्या बाटलीकडे बघत होत्या. वाचता येत नव्हतं तरी ओळी न्याहाळत होत्या. "तुज्या आजाला समदे खोटा म्हनत व्हते."

"हो."

"आन त्यो खरा निघाला."

"हो."

"माज्या सासूलाबी खोटी म्हनत व्हते." त्यांनी बोटाचा शेंदूर परातीच्या कडेला पुसला. "ती बी हितंच म्हनत व्हती. ह्याच जागी. दोगं खरं बोलनारी मानसं, जागा बी एक. मंग माजा देव खोटा कसा व्हईल? सांग की. तू शिकलेली हाईस."

हेमा शिकलेली होती. यात कुठेतरी गफलत आहे हे तिला दिसत होतं. दिगंबरने ती खडूने गोल करून दाखवली असती. पण समोरच्या म्हातारीने ती बाटली नाकारली नव्हती, लपवली नव्हती, तिच्याच हातात दिली होती. आणि तिला जे आयुष्यभर घरात कोणी म्हटलं नव्हतं ते म्हटलं होतं. तुझा आजोबा खरा.

"तसं नसतं हो, मावशी," ती म्हणाली. एवढंच.

"तसंच असतंय. आजपासनं ह्यो देव तुमच्या घरचा बी. तुमी त्याच्या माहेरची मानसं. खोळ उतरली की पयला शेंदूर माहेरच्यानं लावायचा. घरात थोरलं कोन हाय?"

हेमाला उत्तर द्यायचं नव्हतं. पण विचारलं गेलं होतं.

"भाऊ आहे."

"बोलीव त्याला. शनिवारी. आंगुळ करून या म्हनावं."

तिने तिथूनच, जयसिंगच्या फोनवरून, दिगंबरला फोन लावला. खरं म्हणजे या फोनची तिने कितीतरी वेळा मनात तालीम केली होती. तालमीत शेंदूर नव्हता.

"दादा, नाव आहे."

"कोणाचं?"

"मा. ग. खांबेटे. ओव्याचा अर्क. पुणे. तीन ओळी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "तू स्वतः वाचलंस?"

"माझ्या हातात आहे."

"गोलाकार की सरळ ओळीत?"

"सरळ."

"हं." मग दिगंबरने घसा साफ केला. "किती वाजता यायचं?"

"मी अजून या म्हटलंच नाही."

"नाही, पण म्हणणार असशील, तर किती वाजता?"

शनिवारी दिगंबर सोवळ्याच्या रेशमी धोतरात आला. स्कूटरवरून, धोतर वर धरून, मागे वहिनी. साठीशांतीला हेच धोतर नेसायला त्याने नकार दिला होता. आल्या आल्या त्याने वाकून बाटली पाहिली. चष्मा काढून पाहिली, घालून पाहिली. तर्जनी पुढे केली आणि एकेका अक्षरावरून फिरवली, पहिलीतल्या मुलाने पाटी गिरवावी तशी. हेमा शेजारीच उभी होती. क्षमा राहू दे, त्याने तिच्याकडे एकदा नुसतं बघावं, एवढीच तिची अपेक्षा होती. त्याने बघितलं. म्हणाला, "शेंदराची वाटी धर जरा."

तिने धरली.

एक गोष्ट मात्र तिने अगोदरच आनंदीबाईंशी भांडून मिळवली होती. नावावर शेंदूर लागणार नाही. म्हातारीने दोन दिवस ऐकलं नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, बरं, माहेरचं कुंकू उघडंच असावं. त्यामुळे दिगंबरने अक्षरांच्या कडेकडेने बोट फिरवत शेंदूर लावला. गणिताच्या मास्तराने काढावी तशी स्वच्छ चौकट आली. तीन ओळी मधे हिरव्या राहिल्या. डोळे वर बसले. नारळाचा मान थोरल्याचा, म्हणून नारळ दिगंबरच्या हातात दिला गेला. टाळ्या पडल्या. पत्र्याच्या जागी जयसिंगने गवताचं छप्पर आणलं होतं. पार्किंगचा नवा नकाशाही त्याने मुकाट मंजुरीला टाकला होता.

मग कोणीतरी विचारलं, हे खांबेटे कोण?

"आमचे आजोबा," दिगंबर म्हणाला. नारळ काखेत धरून, वर्गाकडे तोंड करावं तसा गावाकडे वळला. "अहो, काय माणूस होता. आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. अख्खी गोरी पलटण त्यांच्या अर्कावर जगत होती. नाव खास काचेत उठवून घेतलेलं. आजोबा आम्हाला सांगायचे, नाव बोटाला लागायचं म्हणून…"

"आम्हाला," हेमा म्हणाली.

कोणाला ऐकू गेलं नाही. वहिनी कौतुकाने मान डोलावत होत्या. आनंदीबाई तेवढ्या हेमाकडे बघून तोंडाला पदर लावून हसल्या, आणि ते हसू बघून हेमाला इतका वैताग आला की तिने शेंदराची वाटी जयसिंगच्या हातात कोंबली. त्याच्या शर्टालाही थोडा लागला.

"सोमवारी काँक्रीट आहे ना?"

"हो मॅडम. देवाची जागा सोडून बाकी सगळं भरतोय."

"मग आज आणि उद्या खड्डा माझा."

"पण मॅडम, मिळाली ना तुमची?"

"मिळाली कुठे? ती तुमची झाली." हेमाने स्कूटीच्या डिकीतून खुरपं काढलं. साडी होती अंगावर, ती गुडघ्यापर्यंत खोचली. "आणि एक सांगा मला. नाव काचेत उठवायचं तर साचा करावा लागतो. साचा करून एकच बाटली कोणी ओततं का?"

जयसिंगने डोकं खाजवलं. शेंदूर डोक्यालाही लागला.

वर दिगंबर आता पलटणीच्या कर्नलपर्यंत पोचला होता. कर्नल आजोबांना भेटायला स्वतः पेठेत आला होता, असं त्याने आत्ताच ठरवलं होतं. हेमा कडेला हात टेकून खड्ड्यात उतरली, देव जिथे उभा सापडला त्याच्या बरोबर खालच्या थरात, आणि माती उकरायला लागली.